नमुन्यातल्या आक्का

निवृत्तीनंतर काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘शिक्षकांना निबंध शिकवायला शिकवते.’ लोक एकदा माझ्याकडे बघतात आणि विषय बदलतात. निबंध शिकवायचा असतो हेच मुळात अनेकांना ठाऊक नसतं. मराठीच्या बाईंनी व्याकरण शिकवावं, कविता चालीत म्हणून दाखवावी, आणि निबंधाचा विषय फळ्यावर लिहून ‘घरून आणा’ म्हणावं, अशी रीत. चौतीस वर्षं मीही तेच केलं, त्यामुळे मी कुणाला हसत नाही.

कोल्हापुरातल्या एका संस्थेनं लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केलं आणि मला मार्गदर्शक म्हणून बोलावलं. काम सोपं आहे. एका तुकडीत साठ शिक्षक. आठ आठवडे त्यांनी फोनवर व्हिडिओ बघायचे, स्वाध्याय लिहून पोर्टलवर चढवायचे. मी ते वाचायचे आणि दोनपैकी एक बटण दाबायचं, ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’. शनिवारी दुपारी सगळ्यांनी स्क्रीनवर भेटायचं. शेवटी प्रमाणपत्र. ते असल्याशिवाय वरची वेतनश्रेणी मिळत नाही, म्हणून माणसं येतात. लेखनाच्या ओढीनं आलेला शिक्षक मला साठांत एखादा भेटतो, आणि तोही पहिल्या आठवड्यात कंटाळतो.

पहिला व्हिडिओ ‘शिक्षकाची प्रेरणा’ या विषयावर आहे, बावीस मिनिटांचा. कुणी किती बघितला ते मला इकडे दिसतं. सगळ्यांचा शंभर टक्के. मला आधी फार बरं वाटलं. मग राधानगरीकडच्या एका सरांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, ‘‘मॅडम, मी व्हिडिओ लावतो आनि म्हशी धुवून येतो. तवर प्रेरणा संपत्या.’’

शनिवारच्या भेटीत माझ्या प्रत्येक वाक्याखाली ‘खूप छान मॅडम’ असं उमटतं, जोडीला हात जोडलेले. एकदा माझा माइक दहा मिनिटं बंद होता. मी एकटीच बोलत होते, आणि खाली ‘खूप छान मार्गदर्शन’ येतच होतं. जोतिबाच्या डोंगरावर राहणाऱ्या एक बाई त्यांच्या नारळ-गुलालाच्या दुकानातून वर्गाला बसायच्या, कारण रेंज तिथंच यायची. एकदा एक म्हातारे भाविक वाकून त्यांच्या फोनमध्ये डोकावले. साठ माणसं चौकोनांत बसलेली बघून त्यांनी मनोभावे नमस्कार केला. ‘‘पावणं, तास चालू हाय,’’ बाई म्हणाल्या. त्या बाई मात्र पुढे फार चांगलं लिहायला लागल्या, हेही सांगितलं पाहिजे.

आता पोवार सरांकडे येते. आडनाव त्यांच्या सांगण्यावरून बदललंय. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात ते सातवीला शिकवायचे. येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. हे प्रशिक्षण त्यांनी आधी दोनदा सुरू केलं होतं. एकदा निवडणुकीची ड्युटी आली, एकदा बायकोचं ऑपरेशन. ही तिसरी तुकडी, आणि त्यांच्यासाठी शेवटची. इथे पूर्ण झालं नाही तर नावापुढे ‘अपूर्ण’ घेऊनच घरी जायचं होतं.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी त्यांच्याशी माझं जमलं नाही. ते टाइप करत नसत. बोलून लिहायची सोय आहे, ती वापरा, असं मी सुचवलं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. ‘‘मॅडम, ह्यो फोन माझं बोलनं सुधरतोय. मी ‘न्हाई’ म्हनतोय, ह्यो ‘नाही’ लिवतोय. मला न्हाई जमत असल्या शान्या फोनबरोबर.’’ मग ते वहीच्या कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवू लागले.

तिसऱ्या स्वाध्यायात प्रत्येकानं विद्यार्थ्याची तपासलेली वही पाठवायची होती. पोवार सरांनी एका मुलीचं पान पाठवलं. तिनं लिहिलं होतं, ‘आमच्यात चार शेरडं हाईत. त्यातलं एक माझं हाय.’ लाल शाईचा ठिपका नाही. मी शेरा दिला, ‘भाषा शुद्ध करून घेतलेली नाही. पुन्हा सादर करा.’ त्यांनी पुन्हा तेच पान पाठवलं. या वेळी खाली एक मोठी बरोबरची खूण होती. मी ‘अपूर्ण’ दाबलं.

पाचवा आणि शेवटचा स्वाध्याय माझ्या आवडीचा. विषय, ‘मी लिहायला कसा शिकलो’. दोनशे शब्द. जो लेखन शिकवतो त्यानं आयुष्यात एकदा तरी स्वतःचं काही लिहावं, एवढीच त्यामागची इच्छा. विषय दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पहिला निरोप आला, ‘मॅडम, नमुना मिळेल का?’ संध्याकाळपर्यंत असे वीस निरोप.

नमुना हे आमच्या धंद्याचं जुनं दुखणं आहे. मुलांना निबंध येत नाही म्हणून आम्ही फळ्यावर नमुना लिहून देतो. मुलं तो उतरवतात. मग सगळ्यांची आई पहाटे उठते, सगळ्यांचा आवडता ऋतू एकच असतो, आणि मुलांना स्वतःचं काही सुचत नाही म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये उसासे टाकतो. हे सगळं मी याच प्रशिक्षणाच्या दुसऱ्या व्हिडिओत ठासून सांगितलंय. तरी त्या संध्याकाळी चहा पिता पिता मी नमुना लिहून ग्रुपवर टाकला. चौतीस वर्षांची सवय होती, दुसरं कारण नाही.

नमुना असा. आमच्या शेजारी एक आक्का राहत. त्यांचा मुलगा मिलिटरीत. आक्का निरक्षर. मी चौथीत. रोज शाळेतून आले की त्यांच्या कट्ट्यावर बसून त्या सांगतील तसं पत्र लिहायचे. शेवटी आक्का डोळे पुसत म्हणतात, ‘पोरी, तू माझी लेखणी झालीस.’

अशा कुणी आक्का माझ्या शेजारी कधीही राहत नव्हत्या. आमच्या शेजारी सायकलचं दुकान होतं. पण नमुना असाच करायचा असतो, थोडी गरिबी, थोडी मिलिटरी, शेवटी डोळे ओले. मला तो अर्ध्या तासात जमला याचा थोडा अभिमानही वाटला.

आठवड्यानं स्वाध्याय आले. अडतीस जणांच्या शेजारी आक्का राहत होत्या. काहींनी आक्कांची मावशी केली होती, काहींनी काकू. मुलगा कुठे पोलिसात गेला होता, कुठे थेट दुबईला. एका मिशीवाल्या सरांना आक्का म्हणत होत्या, ‘पोरी, तू माझी लेखणी झालीस.’ मी एकेक उघडत गेले, चार ओळी वाचत गेले आणि ‘अपूर्ण’ दाबत गेले. त्याच ओघात पोवार सरांचा कागद आला. ‘माझे वडील मिलिटरीत होते. आईला लिहिता येत नव्हतं. मी चौथीत असल्यापासून तिची पत्रं…’ मी पुढे वाचलंच नाही. मिलिटरी दिसली, पत्रं दिसली, बटण दाबलं.

शनिवारी कॉपीवर बोलायचं मी ठरवून बसले होते. अडतीस जणांचं एकसारखंच आलंय, हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. साठ जणांना एकदम रागावता येत नाही, म्हणून उदाहरणादाखल एक जण हवा होता. पोवार सर समोर दिसले. दोन वेळा ‘अपूर्ण’ मिळालेला माणूस, तो कशाला दुखावेल, असं काहीसं माझ्या डोक्यात असावं.

‘‘पोवार सर,’’ मी म्हटलं, ‘‘तुमचे वडील कुठल्या युनिटला होते?’’

त्यांना माइक सापडायला वेळ लागला. ‘‘काय म्हनला मॅडम?’’

‘‘वडील मिलिटरीत होते ना? इतकी पत्रं लिहिलीत, तर पत्ता आठवत असेलच. कुठं पाठवत होता?’’

‘‘आठवतोय की,’’ ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘कळंब्याला.’’

कुणाचा तरी माइक उघडा होता. तो हसला. ‘‘कळंब्यात कुठली मिलिटरी आली, सर?’’

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कळंबा कोल्हापूरला लागून आहे. तिथे तलाव आहे, आता फ्लॅट झालेत, मी स्वतः तिथेच राहते. पण तिथे मध्यवर्ती कारागृहही आहे, आणि आमच्या गावात एखादा ‘कळंब्याला गेला’ म्हटलं तर तो तलाव बघायला गेला असं कुणी समजत नाही. मी घरचा पत्ता सांगितला की रिक्षावालेसुद्धा ‘आत का बाहेर, मॅडम?’ म्हणून चेष्टा करतात.

हसणारा थांबला. साठ चौकोनांतली माणसं खाली बघायला लागली.

‘‘सात वर्सं,’’ पोवार सर म्हणाले. ‘‘पत्ता पाठ हाय मॅडम. सांगू?’’

आणि त्यांचा चौकोन नाहीसा झाला.

अशा वेळी काय करायचं ते कुठल्याच व्हिडिओत नाही. मी म्हटलं, ‘‘आता पुढचा मुद्दा घेऊ.’’ खाली सवयीनं कुणीतरी लिहिलं, ‘खूप छान मॅडम.’ ते वाचल्यावर मला माझीच किळस आली. भेट संपवून मी त्यांचा कागद उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. त्यात डोळे पुसणारं कुणी नव्हतं. मिलिटरी हा शब्द सुरुवातीला एकदाच आला होता. बाकीचं सगळं आईबद्दल होतं, कुठल्याही नमुन्यात नसलेलं. चार ओळींऐवजी दहा वाचल्या असत्या तर मला कळलं असतं.

पोर्टल पुढच्या शनिवारी बंद होणार होतं. मी फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. निरोप पाठवले. वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. परस्पर ‘पूर्ण’ दाबून टाकावं असंही वाटलं. पण कागदावर मिलिटरी होती, आणि ती खोटी असल्याचं आता साठ जणांना ठाऊक होतं. असं ‘पूर्ण’ त्यांना भीक दिल्यासारखं झालं असतं. बुधवारी मी एसटीनं त्यांच्या शाळेत गेले. चौतीस वर्षांत मी एकाही विद्यार्थ्याच्या घरी माफी मागायला गेले नव्हते. संधी कमी आल्या असतील असं नाही.

मधली सुट्टी होती. पोवार सर वर्गात एकटेच वह्या तपासत बसले होते. उंच, काटक माणूस. स्क्रीनवर उंची कळत नाही.

‘‘या मॅडम. च्या सांगू?’’

‘‘सर, माझं चुकलं,’’ मी दारातूनच म्हटलं. बसल्यावर ते जमणार नाही अशी मला भीती होती.

‘‘बसा तर. चुकलं आसंल तर माझं बी हाय. मिलिटरी मीच घातली.’’

‘‘का घातली?’’

त्यांनी वही मिटली. ‘‘बांधावरनं भावकीत मारामारी झाली हुती. एक मानूस गेला. आण्णा आत गेलं. हितं गावात सगळ्यांस्नी ठाव हाय, पर गावाभायेर मी कधी बोललो न्हाई. नोकरीत तर न्हाईच न्हाई. तुमच्या आक्कांचं वाचलं आनि म्हटलं, मॅडम येवढं मनातलं सांगाय लागल्यात, आपन बी सांगावं. लिवाय बसलो. कळंब्याजवळ आलो आनि हात थांबला. तुमच्यात मिलिटरी हुतीच, तीच घेतली.’’

मी समोरच्या बाकावर बसले.

‘‘आक्का हाईत का आता?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘कधी गेल्या?’’

इथे एखादं साल सांगून मोकळं होता आलं असतं. मी म्हटलं, ‘‘गेल्या नाहीत, सर. त्या नव्हत्याच. मी बनवल्या.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग इतक्या मोठ्यानं हसले की व्हरांड्यातली पोरं खिडकीत आली. ‘‘म्हंजी अडतीस जनांनी खोट्याची कॉपी मारली व्हय? आनि त्यांचं अपूर्ण. मग मॅडम, तुमचं काय?’’

चहा आला तेव्हा बरं वाटलं.

चहा पिता पिता त्यांनी कागदावर नव्हतं तेही सांगितलं. आई सांगायची आणि नऊ वर्षांचा हा मुलगा कार्डावर लिहायचा. पण त्याच वर्षी शाळेत गुरुजींनी पत्रलेखन शिकवलं होतं, आणि गुरुजींची पद्धत मोडायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. आई म्हणायची, ‘लिव, तांबडी येली, खोंड झालंय. ल्हान्या तुमच्यावानीच पाय आपटत चालतोय. मी हाय तवर घोर लावून घिऊ नगा.’ पोरगा लिहायचा, ‘तीर्थरूप वडिलांस शिरसाष्टांग नमस्कार. आपली गाय प्रसूत झाली आहे. आम्ही सर्व कुशल आहोत. काळजी नसावी.’ आई विचारायची, ‘समदं लिवलंस न्हवं?’ तो म्हणायचा, ‘व्हय.’

‘‘सात वर्सं मी असली पत्रं लिवली,’’ पोवार सर म्हणाले. ‘‘तिथं आत ती आधी जेलातले सायेब वाचायचे, मगच आण्णांस्नी मिळायची. वाचनाऱ्यानं अक्षराचं कौतुक केलं म्हनं. त्याच्या जोरावर तर मी मास्तर झालो. आण्णा सुटून आलं, तवा सगळी कार्डं दोरीत बांधून घेऊन आलं. मला वाटलं, आता पाठ थोपटनार. आण्णा म्हनलं, ‘पत्रं लई चांगली हुती रं. मास्तरानं लिवल्यागत. पर सात वर्सांत तुझ्या आईचा एक शबूद माझ्यापतूर आला न्हाई.’’’

खिडकीतल्या पोरांना त्यांनी हातानं हाकललं. मग टेबलावरची वही माझ्याकडे सरकवली. चार शेरडांची वही होती ती. ‘‘आता हिच्या ‘हाय’वर मी लाल रेघ कशी मारू, सांगा. ‘आहे’ शिकवतोय की मी. परीक्षेला ‘आहे’ लिवत्या ती, बरोबर लिवत्या. पर घरचं लिवताना तिचं तिला लिवू दे.’’

मी शिकवायला लागल्यापासून किती ‘हाय’ खोडले असतील त्याचा हिशेब लागत नाही. मुलांच्या भल्यासाठीच खोडले आणि त्यातले पुष्कळ खोडायलाही हवे होते. पण खोडताना हे वाक्य कुणाकडून कुणाकडे चाललंय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी शिक्षकांना लेखन शिकवायला शिकवते, आणि हे मला सातवीच्या एका मास्तरांकडून, निवृत्तीनंतर, फुटक्या कपातल्या चहाबरोबर कळलं. त्याचं वाईट वाटलं आणि वाटतं.

उठताना मी विचारलं, ‘‘लिहाल हे? शनिवारपर्यंत?’’

‘‘बघतो,’’ ते म्हणाले. आमच्याकडे ‘बघतो’चा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असाच होतो.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास पोर्टलवर चार फोटो आले. त्यातला एक उलटा होता. फोन उलटा धरून मी तो वाचला. पहिली ओळ होती, ‘माझे वडील कळंब्याच्या जेलात होते.’ पुढे जिथे आई बोलत होती तिथे ती तिच्याच बोलीत बोलत होती. तांबडी येली होती. ल्हान्या पाय आपटत चालला होता. पन्नास वर्षं उशिरा का होईना, पण त्या बाईचं पत्र तिच्या शब्दांत कागदावर उतरलं होतं. वाचताना मला रडू आलं. नमुन्यात रडू कसं आणायचं ते मला माहीत आहे, हे तसलं नव्हतं.

मी ‘पूर्ण’ दाबलं. मग तिसरा स्वाध्याय, तो वहीचा, उघडून तिथेही ‘अपूर्ण’चं ‘पूर्ण’ केलं. निकाल बदलला की पोर्टल कारण विचारतं, रकाना रिकामा सोडता येत नाही. मी लिहिलं, ‘तपासणाऱ्याची चूक.’ पोर्टलनं ते निमूटपणे घेतलं.

दुपारी त्यांना फोन लावला. या वेळी पहिल्या रिंगलाच उचलला. प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं सांगितलं. ‘‘बरं झालं,’’ एवढंच ते म्हणाले, पण आवाज जरा वेगळा होता. मग मी माझा बेत सांगितला. पुढच्या तुकडीपासून माझ्या आक्कांना काढून टाकणार आहे, तुमची हरकत नसेल तर त्या जागी तुमचा स्वाध्याय नमुना म्हणून लावते, नाव न देता. सगळ्यांना कळू दे, खरं कसं लिहायचं ते.



‘‘नगा मॅडम,’’ पोवार सर म्हणाले. ‘‘पुढल्या तुकडीत समद्यांचंच वडील कळंब्याला जातील.’’